उत्तर: व्हिमची हिस्टरी १०,००० केली, तरी पुन्हा उघडल्यावर कमांड गायब

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. व्हिम या टेक्स्ट एडिटरची हिस्टरी, म्हणजे आधी दिलेल्या कमांडची यादी, १०,००० वर नेली, चालू सत्रात वरचा बाण दाबला की सगळ्या कमांड येतात, पण व्हिम बंद करून उघडलं की पाटी कोरी. त्यात सपोर्टवाल्यांनी सांगितलं की व्हिम काढून पुन्हा टाका. अगदी हेच मी भोगलं आहे, म्हणून जरा लांबट लिहिते. माझा अनुभव लिनक्सवरचा आहे. विंडोजवर फाइलचं नाव आणि परवानग्यांचा हिशेब वेगळा असतो, तिथे माझं बोलणं जसंच्या तसं लावू नका.

तुम्ही आकड्याच्या मागे लागला आहात, पण दुखणं तिथे नाही. १०,००० ही कमाल मर्यादा झाली आणि ती सत्रापुरती. व्हिममधून बाहेर पडताना त्या ओळी होम डिरेक्टरीतल्या, म्हणजे तुमच्या खात्याच्या स्वतःच्या फोल्डरातल्या, व्हिमइन्फो फाइलमध्ये लिहिल्या जातात आणि पुढच्या वेळी तिथूनच वाचल्या जातात. ती फाइल लिहिली जात नसेल तर आकडा कितीही ठेवा, काही उपयोग नाही.

आता माझं प्रकरण. एका नोकरीत नवीन मशीन मिळालं. ते तयार करताना तिथल्या सपोर्ट विभागातल्या कुणीतरी रूट, म्हणजे सर्वाधिकारी अ‍ॅडमिन खात्याच्या, अधिकाराने, पण होम डिरेक्टरी माझीच ठेवून, व्हिम उघडलं होतं. व्हिमइन्फो आधीपासून असली तर व्हिम तिचा मालक सहसा बदलू देत नाही, ती काळजी त्यात घेतलेली आहे. पण माझ्या खात्यात ती फाइल अजून जन्मालाच आली नव्हती. ती रूटच्या नावाने तयार झाली, परवानगी ०६००, म्हणजे वाचणं-लिहिणं फक्त मालकाला. थोडक्यात, माझ्याच घरातली फाइल मला ना वाचता येत होती, ना लिहिता.

बरं, व्हिम याबद्दल ओरडतही नाही. सुरू होताना फाइल वाचता आली नाही तर गप्प राहतं. बाहेर पडतानाही तसंच, जी फाइल वाचता येत नाही तिच्यात लिहायचा प्रयत्नच करत नाही. मी लांबलचक सबस्टिट्यूट (शोधा-बदला) कमांड लिहायचे, डेटा साफ करायला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच पुन्हा आठवून टाइप करायचे.

तक्रार नोंदवली तर उत्तर आलं, पुन्हा इन्स्टॉल करा. केलं. मग, अपडेट करा. तेही केलं. शेवटी ‘हा एडिटर आमच्या यादीत नाही’ म्हणून तक्रार बंद. याचा मला आजही राग आहे, कारण पुन्हा इन्स्टॉल केल्याने होम डिरेक्टरीतल्या त्या फाइलला धक्काही लागत नाही. फाइलचा मालक कोण एवढं कुणी बघितलं असतं तर काम तिथेच संपलं असतं.

तेव्हा तुम्ही आधी टर्मिनलमध्ये एलएस -एल (फाइलची माहिती दाखवणारी कमांड) करून व्हिमइन्फोचा मालक बघा. किंवा व्हिममध्येच आरव्हिमइन्फो, म्हणजे ती फाइल वाचायची कमांड द्या. ई१९५ हा एरर आला तर फाइल वाचता येत नाही हे नक्की. मालक रूट निघाला तरी अ‍ॅडमिनच्या मिनतवाऱ्या नकोत. डिरेक्टरी तुमची आहे, त्यामुळे एमव्हीने तिचं नाव बदलून ती बाजूला ठेवता येते. मग व्हिम उघडून एखादी कमांड चालवून बाहेर पडा, नवी फाइल तुमच्या नावाने तयार होईल. कंपनीने होम डिरेक्टरीवर काही खास बंधनं घातली असतील तर मात्र हे जमेलच असं नाही.

मालक तुम्हीच असाल तर व्हिमइन्फो ऑप्शनची किंमत तपासा. तो रिकामा असेल तर काहीच साठवलं जात नाही. कुणाची तरी कॉन्फिग (सेटिंगची फाइल) उचलून चिकटवली असेल तर त्यात कोलन आणि पुढे २० असं काही सापडेल. मग सत्रात १०,००० असले तरी फाइलमध्ये २०च जातात. कोलनचा भाग काढून टाकला की हिस्टरीचाच आकडा लागू होतो. आणि ई९२९ हा एरर दिसला तर होम डिरेक्टरीत व्हिमइन्फोच्या अर्धवट टेम्प फाइल साचल्या आहेत, डिस्क किंवा कोटा भरल्यावर असं होतं. जागा मोकळी करून त्या पुसा. निओव्हिम या व्हिमपासून निघालेल्या एडिटरमध्ये याच कामाची शाडा फाइल असते, तिथेही टेम्प फाइल अशाच अडतात.

दोन खिडक्यांत व्हिम उघडं असेल तर एकीतल्या कमांड दुसरीत आपोआप येत नाहीत. पहिलीत डब्ल्यूव्हिमइन्फो द्या, म्हणजे फाइल लिहिली जाईल, मग दुसरीत आरव्हिमइन्फो देऊन ती वाचा.

हिस्टरीसाठी लगेच प्लगइन टाकू नका, हे माझं ठाम मत. कमांडची पहिली दोन-तीन अक्षरं लिहून वरचा बाण दाबा, त्याच अक्षरांनी सुरू होणाऱ्या जुन्या कमांड येतात. कंट्रोल-पी हे करत नाही, ते सरसकट मागे जातं. आणि नॉर्मल मोडमध्ये (मजकूर टाइप करत नसताना) क्यू व कोलन दाबलं की सगळी हिस्टरी एका खिडकीत उघडते, तिथे शोधा, ओळ दुरुस्त करा, एंटर मारा. लोक वर्षानुवर्षं व्हिम वापरतात आणि ही खिडकी चुकून उघडली की घाबरून बंद करतात, याचं मला फार वाईट वाटतं.

एक सावधगिरी. हिस्टरी टिकायला लागली की कमांडमध्ये लिहिलेले पासवर्ड आणि टोकनही टिकतात. हिस्टडेल फंक्शनने ती ओळ काढा, आणि लगेच डब्ल्यूव्हिमइन्फो उद्गारचिन्हासह चालवा. उद्गारचिन्ह नसेल तर व्हिम जुन्या फाइलमधला मजकूर पुन्हा मिसळतं आणि काढलेली ओळ परत येऊ शकते. उद्गारचिन्हाने फाइलमधलं जुनं सगळं जाऊन फक्त त्या सत्राच्या आठवणीतलं उरतं, म्हणून बाकीच्या खिडक्या आधी बंद करा.

एलएसची ती एक ओळ इथे टाका, तुमचं युजरनेम झाकून. मालकाच्या रकान्यात रूट आहे का, एवढंच मला बघायचं आहे.