पलटण म्हणजे प्लाटून नव्हे, आणि सीओला 'कमांडर' म्हणू नका

एका ताईंनी विचारलंय, त्या एका इंग्रजी युद्धकथेचा मराठी अनुवाद करतायत आणि पहिल्याच पानावर अडल्यात. 'इन्फंट्री बटालियन'ला मराठीत काय लिहायचं? पलटण लिहावं तर कुणीतरी सांगितलं की पलटण हा 'प्लाटून'चा अपभ्रंश, म्हणजे तीसेक माणसांची तुकडी, मग ते चूक होईल ना? आणि दुसरं, त्या बटालियनचा जो 'कमांडिंग ऑफिसर' म्हणजे सीओ आहे त्याला कमान अधिकारी म्हणायचं, समादेशक म्हणायचं की सरळ कमांडर?

पहिल्याचं उत्तर आधी देऊन टाकतो, बिनधास्त पलटण लिहा. बटालियन म्हणजेच पलटण. तुम्हाला ज्यांनी अडवलं त्यांची गफलत समजण्यासारखी आहे कारण पलटण आणि प्लाटून कानाला सख्खे भाऊ वाटतात, पण शब्द कुठून आला आणि आज तो कशाला म्हणतात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कुठून आला यावर आधी बोलू. १८८६ साली निघालेल्या हॉब्सन-जॉब्सन कोशात पलटण हे बटालियनचंच बिघडलेलं रूप मानलंय, प्लाटूनशी थोडी सरमिसळ झाली असेल अशी शंका मात्र तिथेही आहे. मला बटालियनवालं मत जास्त पटतं आणि त्याचं कारण दक्षिणेत आहे. तमिळ-मल्याळममध्ये सैन्याला 'पट्टाळम' म्हणतात, त्यात बटालियनचा ट आणि ळ आपापल्या जागी शाबूत आहेत. आपल्याकडे येताना ब चा प झाला आणि ट-ल ची अदलाबदल झाली, एवढंच. नुकसानचं आपण 'नुसकान' करतो आणि डेस्कचं 'डेक्स' करतो, त्यापुढे हे काहीच नाही. गंमत म्हणजे प्लाटूनचं मूळ फ्रेंच 'पेलोटॉन', त्याचा अर्थ लहानसा गोळा, दोऱ्याचा गुंडा म्हणा. आणि बटालियन इटालियनमधल्या 'बटाल्या'वरून, म्हणजे लढाईवरून. तेव्हा एकाच्या पोटात गुंडा आहे नि दुसऱ्याच्या पोटात लढाई.

हे शब्द आपल्याकडे इंग्रजांनी राज्य घेतल्यावरच आले असं समजू नका. गारदी हा शब्द पानिपतच्या आधीपासून आहे, तो 'गार्ड'वरून, इब्राहिमखान गारदी सगळ्यांना माहीत असतो, आणि १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून करणारेही गारदीच. पुढे १७८४ पासून महादजी शिंद्यांनी द बॉयन नावाच्या फ्रेंच बोलणाऱ्या सेनापतीकडून कवायती फौज उभी करून घेतली, त्या सगळ्या पलटणीच, आणि अनेक पलटणींचा मिळून 'कंपू' व्हायचा. त्या काळच्या कवायती फौजांत 'कमांडंट'चं देशी रूप 'कुमेदान' असं झालं होतं, पंजाबात महाराजा रणजितसिंगांच्या फौजेत तर पलटणीच्या प्रमुखाचा हुद्दाच कुमेदान. मला हा शब्द फार आवडतो पण तुमच्या अनुवादात वापरू नका, वाचकाला वाटेल छापण्याची चूक झाली.

आता आज काय म्हणतात ते. आमचे मामा मराठा लाईट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून रिटायर झाले, सातारकडचे, त्यांच्या तोंडात रेजिमेंट हा शब्द क्वचित यायचा, सतत 'आमची पलटण'. पलटणीत हे चालत नाही, पलटणीचं नाव जाईल, पलटणीतला दोस्त आलाय जेवायला थांबणार आहे. लहानपणी आम्हाला वाटायचं पलटण म्हणजे अख्खी मिलिटरी. ते अगदीच चूक नव्हतं, कारण पायदळातल्या माणसाचं घर म्हणजे त्याची पलटण. भरती झाला की ट्रेनिंग बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला, तिथून एका पलटणीत गेला की सहसा सगळी नोकरी तिथेच. रेजिमेंट हे कुळासारखं, एकाच रेजिमेंटच्या पलटणी एकाच वेळी कुणी सियाचिनकडे, कुणी आसामात, कुणी राजस्थानात, आणि रेजिमेंट म्हणून त्या एकत्र लढत नाहीत. लढते ती पलटण.

आकाराचा अंदाज असावा म्हणून सांगतो, पायदळाच्या पलटणीत साधारण ८०० च्या आसपास माणसं. चार रायफल कंपन्या, अल्फा ब्राव्हो चार्ली डेल्टा, शिवाय मॉर्टर आणि रणगाडाविरोधी शस्त्रं सांभाळणारी सपोर्ट कंपनी आणि एक हेडक्वार्टर कंपनी. रायफल कंपनीत तीन प्लाटून, प्लाटूनवर सुभेदार किंवा नायब सुभेदार, प्लाटूनमध्ये दहा-दहा जणांचे सेक्शन, त्यावर हवालदार. म्हणजे एका पलटणीत रायफलवाल्या प्लाटूनच बारा. आता तुम्ही जर प्लाटूनला पलटण म्हणालात तर बटालियनला काय म्हणणार? म्हणून प्लाटून हा शब्द आहे तसा 'प्लाटून' ठेवा, जवानही तसंच म्हणतात.

आणि कृपा करून 'तुकडी' नको. पेपरवाल्यांनी या शब्दाची पार वाट लावलीय, दहा जणांचा सेक्शन पण तुकडी, १२० जणांची कंपनी पण तुकडी, एनडीआरएफ पण तुकडी, पुरात उतरलेली अख्खी बटालियन पण तुकडीच. तुकडी म्हणजे कशाचा तरी तुकडा. गस्तीला निघालेली पंधरा माणसं तुकडी म्हणून चालतील, पण पलटण स्वतःत पुरी असते, तिचं स्वतःचं मंदिर, लंगर, हिशेब, शिक्षा, खेळाची टीम, लढाईत मिळालेल्या मानांची यादी. पायदळाचं काम थोडक्यात असं की शत्रूला जवळ जाऊन गाठायचं, मारायचं किंवा पकडायचं, जमीन ताब्यात घ्यायची आणि मग ती धरून बसायची, ऋतू कुठला का असेना. तोफखाना लांबून मारतो, विमान येऊन जातं, बसून राहावं लागतं ते पायदळाला. त्याला तुकडी म्हणणं मला तरी जड जातं.

पलटणींची टोपणनावं तर वेगळाच खजिना आहे. मराठा लाईट इन्फंट्रीची पहिली बटालियन ती 'जंगी पलटण', १७६८ ची. आणि दुसरी बटालियन 'काळी पाचवी'! दुसरी असून पाचवी कशी, तर ती एकेकाळी बॉम्बे आर्मीची ५ वी होती, मग १०५ वी झाली, मग १९२२ च्या फेररचनेत दुसरी झाली, पण नाव काही सोडलं नाही. अनुवाद करताना अशा नावाला हात लावायचा नसतो हं, नाहीतर कुणीतरी 'सुधारून' काळी दुसरी करेल. त्याच फेररचनेनंतर अख्ख्या रेजिमेंटला ५ नंबर मिळाला, म्हणून दुसऱ्या महायुद्धातलं काही वाचताना ३/५ मराठा असं दिसतं, म्हणजे ५ व्या मराठा लाईट इन्फंट्रीची ३ री बटालियन, व्हिक्टोरिया क्रॉसवाले नायक यशवंत घाडगे तिचेच, इटलीत १९४४. ते 'तीन पंचमांश' नव्हे, मी एका ठिकाणी खरंच तसं वाचलंय!

आता सीओ. इथे तुमचे तिन्ही पर्याय मला पटत नाहीत. 'कमान अधिकारी' हा हिंदी सरकारी शब्द आहे, मराठीत कमान म्हटलं की दरवाजाची कमान नाहीतर धनुष्य डोळ्यापुढे येतं. 'समादेशक' मराठीत चालू आहे पण तो राज्य राखीव पोलीस दलात, आणि तिथे बटालियनला 'गट' म्हणतात, समादेशक गट क्रमांक अमुक. तो वास लष्करी गोष्टीला लागला तर वाचक थेट पोलीस लाईनीत जाऊन पोचेल. आणि 'कमांडर' तर सगळ्यात घोटाळ्याचा, कारण आपल्या आर्मीत नुसतं 'कमांडर' किंवा 'कमांडर साहेब' म्हटलं की तो ब्रिगेडचा कमांडर, म्हणजे ब्रिगेडियर, ज्याच्या हाताखाली सहसा तीन पलटणी असतात. पलटणीचा तो 'सीओ'. बोलण्यात सीओ साब. त्याच्या खालचा टूआयसी म्हणजे सेकंड-इन-कमांड, कागदपत्रं नि शिस्त बघणारा ॲडज्युटंट, आणि जवानांच्या बाजूने सगळ्यात वजनदार माणूस सुभेदार मेजर, ज्याला सीओसुद्धा 'एसएम साब' म्हणतो. रणगाड्यांच्या दलात परत वेगळं, तिथे रेजिमेंट हेच बटालियनएवढं युनिट असतं आणि त्याच्या प्रमुखाला कमांडंट म्हणतात, १९६५ चे परमवीर लेफ्टनंट कर्नल तारापोर पूना हॉर्सचे होते, ते तसे. तुमची कथा पायदळाची आहे तेव्हा तो प्रश्न नाही.

फरक का जपायचा ते एका प्रसंगावरून सांगतो. डिसेंबर १९७१, आताच्या बांगलादेशातलं जमालपूर. आत पाकिस्तानची ३१ बलुच ही पलटण, बाहेर आपली ब्रिगेड, आणि गावाच्या मागचा रस्ता अडवून बसलेली १ मराठा, म्हणजे जंगी पलटण, सीओ लेफ्टनंट कर्नल के. एस. ब्रार (हेच पुढे ऑपरेशन ब्लू स्टारवाले). ब्रिगेडियर क्लेर यांनी आत चिठ्ठी पाठवली की शरण या, ३१ बलुचच्या सीओने उत्तर पाठवलं त्यात एक गोळी गुंडाळून, आणि लिहिलं काय, तर पुढच्या वेळी तुमच्या हातात लेखणीऐवजी स्टेनगन दिसेल अशी आशा करतो. १० डिसेंबरच्या रात्री ते निसटायला निघाले आणि मराठ्यांच्या समोर येऊन धडकले, फार मोठी हानी झाली त्यांची. आता यात तिघांनाही 'कमांडर' लिहून बघा, कोण कुणाला लिहितोय याचा पत्ता लागणार नाही. क्लेर कमांडर, ब्रार सीओ, पलीकडचाही सीओ, की लगेच चित्र बसतं. पलीकडेही पलटणच म्हणतात बरं का, फाळणीत शब्द दोन्हीकडे गेला.

अवांतर, पण राहवत नाही. त्यानंतर हीच जंगी पलटण टांगाईलकडे सरकली आणि ११ डिसेंबरला पॅराशूटने उतरलेल्या २ पॅराला पुंगली पुलापाशी जाऊन मिळाली. २ पॅरा, म्हणजे पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन, कोण, तर पूर्वीची ३ मराठा! नंबर, टोपी, रेजिमेंट सगळं बदललं तरी पलटण तीच, आणि पुलावर भेटले ते एका परीने चुलतभाऊच.

हुद्द्याचं एक बघून घ्या. १९७१ मध्ये पलटणीचा सीओ लेफ्टनंट कर्नल असायचा, आता कर्नल असतो. तुमची कथा कुठल्या सालातली आहे त्याप्रमाणे लिहा, मूळ लेखकाने बोलण्यात नुसतं 'कर्नल' वापरलं असेल तर तेही बरोबरच, लेफ्टनंट कर्नलला हाक मारताना कर्नलच म्हणतात. २०१५ मध्ये कुपवाड्यात शहीद झालेले साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक ४१ राष्ट्रीय रायफल्सचे सीओ होते, तेव्हाच्या बऱ्याच बातम्यांत 'तुकडीचे प्रमुख' असं आलं होतं. ४१ राष्ट्रीय रायफल्स ही पण एक बटालियन, मराठा लाईट इन्फंट्रीशी जोडलेली. आख्ख्या पलटणीचा धनी स्वतः शोधमोहिमेत पुढे होता ही गोष्ट 'तुकडी' म्हटल्याने वाचकाच्या लक्षातच येत नाही.

तर लिहायचं कसं, निवेदनात पहिल्यांदा 'पलटणीचे कमांडिंग ऑफिसर' असं एकदा पूर्ण लिहा आणि मग पुढे सरळ सीओ. जवानांच्या संवादात 'सीओ साब', मराठी जवान आपसात बोलत असतील तर 'सीओसाहेब'. बटालियन हा शब्द कागदोपत्री, हुकमात, नंबरासोबत ठेवा, आणि माणसं बोलतात, आठवण काढतात, भांडतात तिथे पलटण.

राहता राहिलं व्याकरण, कारण तुमच्या नमुना पानात 'पलटणचा' आणि 'पलटणीचा' दोन्ही दिसलं. शब्द स्त्रीलिंगी आहे, ती पलटण, अनेकवचन पलटणी, आणि विभक्ती लागताना पलटणीचा, पलटणीत, पलटणीला. 'पलटणचा' हल्ली ऐकू येतं ते हिंदी 'पलटन का' च्या वळणाने. ण चा न पण करू नका, संवादात एखादा हिंदी बोलणारा हवालदार 'पलटन' म्हणाला तर त्याला म्हणू द्या.