एकेचाळीसमधून एकोणसाठ काढताना

प्रश्न : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील ४१ टक्के कुटुंबांना आरोग्य विम्याचे संरक्षण आहे. त्यावरून ५९ टक्के भारतीय विम्याविना आहेत, असे मी एका व्याख्यानात सांगितले. एका श्रोत्याने लगेच राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाचा दाखला देऊन, संरक्षण असलेले लोक जेमतेम १५ टक्क्यांच्या आसपास आहेत, असे सुनावले. आमच्यापैकी बरोबर कोण?
— एक निवृत्त शिक्षिका, सातारा

उत्तर : श्रोत्याचा आकडा निराधार नाही आणि आपला ४१ हा आकडाही बरोबरच आहे, चूक झाली ती त्यातून ५९ टक्के ‘भारतीय’ काढताना. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सुमारे ६ लाख ३७ हजार कुटुंबांकडून, घरात नेहमी राहणाऱ्या कोणत्याही एका सदस्याला विम्याचे किंवा आरोग्य योजनेचे संरक्षण आहे का, याची माहिती घेतली गेली. मुलाला नोकरीत केवळ स्वतःपुरता विमा मिळाला असेल आणि त्याचे आईवडील उघड्यावर असतील, तरी ते अख्खे घर या ४१ टक्क्यांत मोजले जाते. त्याच सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या व्यक्तींना स्वतःविषयी विचारले, तेव्हा संरक्षण असलेल्या स्त्रिया ३० टक्के आणि पुरुष ३३ टक्के निघाले. दवाखान्याची पायरी सर्वाधिक चढणारे वृद्ध मात्र या दुसऱ्या आकड्यात नाहीतच.

श्रोत्याने सांगितलेला आकडा जुलै २०१७ ते जून २०१८ या काळातील ७५व्या फेरीचा असावा. त्या फेरीत घराऐवजी माणसे मोजली होती, आणि ग्रामीण भागात सुमारे १४, तर शहरी भागात १९ टक्के लोकांना संरक्षण असल्याचे आढळले. प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सुरू झाली २३ सप्टेंबर २०१८ रोजी, म्हणजे ही फेरी संपल्यानंतर. त्यामुळे दोन आकड्यांमधील अंतर ही सगळी वाढच आहे, असे मानता येत नाही आणि वाढ झालीच नाही, असेही म्हणता येत नाही.

मला याहून अवघड वाटतो तो उत्तर देणाऱ्याच्या समजुतीचा प्रश्न. आपल्याकडे महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत पात्रता मुख्यतः पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेवर ठरत होती. लाभार्थ्याला हप्ता भरावा लागत नव्हता. ज्याने कधी पावती पाहिली नाही, त्याला दारात आलेल्या प्रगणकाने विम्याबद्दल विचारले, तर ‘आमचा कुठला विमा?’ असे उत्तर येणे स्वाभाविक आहे. कागदावर पात्र असलेला माणूस अशा वेळी सर्वेक्षणात विमाविहीन ठरतो, आणि खरे पाहता, आजारपणात योजना आठवणारच नसेल, तर ती नोंद अगदीच चुकीची म्हणवत नाही.

पुढील व्याख्यानात आपण इतकेच सांगावे : २०१९ ते २०२१ या काळात ५९ टक्के कुटुंबांत एकाही सदस्याला संरक्षण नव्हते, असे त्या कुटुंबांनी सांगितले.