जुनी झेड४, लिटरला ११ किलोमीटर आणि बाराव्या वर्षी सुरू होणारी मिळकत

प्रश्न (संक्षिप्त) : माझे वय ५४ असून मी पुण्यातील एका खासगी कंपनीत नोकरी करतो. निवृत्ती ५८ व्या वर्षी आहे. दरमहा १ लाख ६० हजार रुपये हातात येतात आणि मुलीच्या अभियांत्रिकी शिक्षणासह घरखर्च ७५ हजार आहे. गृहकर्ज फिटले आहे. भविष्य निर्वाह निधीत ३८ लाख आणि मुदत ठेवीत १४ लाख आहेत. बीएमडब्ल्यू झेड४ ही छत उघडणारी गाडी (२०११ चे मॉडेल, एसड्राइव्ह ३५आय) १६ लाखांना मिळत आहे. ६ लाख ठेवीतून देईन आणि १० लाखांचे वैयक्तिक कर्ज घेईन. वापर महिन्याला शहरात ६०० आणि महामार्गावर २०० किलोमीटर असेल. विक्रेत्याच्या म्हणण्याप्रमाणे गाडी ११ चे अ‍ॅव्हरेज देते, म्हणजे पेट्रोल ८ हजारांत भागावे. हा अंदाज बरोबर आहे का? कर्जाची चिंता नाही, कारण माझ्या विमा पॉलिसीतून दोन वर्षांनी दरसाल साडेचार लाख रुपये सुरू होणार आहेत. पॉलिसीच्या कागदाचे आणि गाडीच्या डॅशबोर्डचे फोटो जोडत आहे.

उत्तर : आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते छोटे आहे. ८ हजारांचा अंदाज चुकीचा आहे. १३ ते १४ हजार धरावेत.

११ हा आकडा विक्रेत्याने मनाने काढलेला नाही. या गाडीच्या स्वयंचलित गिअरच्या आवृत्तीसाठी कंपनीने १०० किलोमीटरला ९ लिटर, म्हणजे लिटरला ११ किलोमीटर, असाच आकडा दिला होता. मात्र तो त्या काळच्या युरोपीय प्रयोगशाळा चाचणीतला आहे. ती चाचणी सुमारे ११ किलोमीटरची आणि २० मिनिटांची असे, त्यात वेग हळुवारपणे वाढवला जाई आणि एसी बंद असे. त्याच गाडीला अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने शहरात गॅलनला १७ आणि महामार्गावर २४ मैल असा आकडा दिला, म्हणजे लिटरला साधारण ७ आणि १०. अमेरिकेतील शहरी वाहतूक आणि सायंकाळचा हिंजवडीचा रस्ता यांत मोठा फरक आहे. तीन लिटरचे सहा सिलिंडरचे टर्बो इंजिन, छताची घडी करणाऱ्या यंत्रणेसह दीड टनाहून अधिक वजन आणि चालू एसी, अशी गाडी सिग्नलमागून सिग्नल थांबत चालते तेव्हा साडेपाचच्या वर अपेक्षा ठेवू नये. महामार्गावर, वेगमर्यादा पाळून आणि छत बंद ठेवून, ९ मिळतील. छत उघडे असताना हवेचा विरोध वाढतो आणि हा आकडाही खाली येतो.

यात आजच्या पेट्रोलचाही वाटा आहे. आता पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते. जुन्या चारचाकी गाड्यांचे अ‍ॅव्हरेज यामुळे ६ ते ७ टक्के घटू शकते, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच नमूद आहे. इंधनाच्या नळ्या आणि सील यांची काळजी म्हणून काही मालक १०० ऑक्टेनचे, इथेनॉल नसलेले पेट्रोल भरतात. त्याचा दर लिटरला १६० रुपयांच्या घरात आहे.

आता हिशेब पाहू. शहरातील ६०० किलोमीटरला साडेपाचने सुमारे १०९ लिटर आणि महामार्गावरील २०० ला नऊने २२ लिटर, असे एकूण १३१ लिटर लागेल. पुण्यातील १०४ रुपयांच्या आसपासच्या दराने हे १३,६०० रुपये झाले. महागडे पेट्रोल भरल्यास २१ हजार. मिश्र वापराचे खरे अ‍ॅव्हरेज लिटरला ६ च्या आसपास आहे.

डॅशबोर्डचा जो फोटो विक्रेत्याने आपल्याला पाठवला, त्यात सरासरी वापर १०० किलोमीटरला ९.१ लिटर दिसतो. त्याच्याच खाली सरासरी वेग ताशी ७४ किलोमीटर लिहिला आहे, तो मात्र आपल्या नजरेतून सुटला. पुण्यात वर्षभर चालवलेल्या कोणत्याही गाडीचा सरासरी वेग ७४ निघू शकत नाही. याचा अर्थ मीटर शून्यावर आणून गाडी द्रुतगती मार्गावर नेली गेली आणि मग फोटो काढला गेला. मायलेज तपासायचेच असेल तर टाकी काठोकाठ भरावी, आपल्या रोजच्या रस्त्यावर १०० किलोमीटर चालवावी, त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरावी आणि पावतीवरच्या लिटरने भागावे.

पेट्रोल हा या गाडीचा सर्वांत मोठा खर्चही नाही. २०११ च्या गाडीची १५ वर्षांची नोंदणी २०२६ मध्ये संपते. पुढच्या पाच वर्षांसाठी आरटीओत तपासणी करून नूतनीकरण करावे लागते, आणि ही गाडी पूर्ण तयार अवस्थेत आयात झालेली असल्याने त्याचे शुल्क साध्या गाडीसारखे ५ हजार नसून ४० हजार आहे. पर्यावरण कर वेगळा. या इंजिनाचा उच्च दाबाचा इंधनपंप आणि इंजेक्टर हे जगभर ठाऊक असलेले दुखणे आहे. रनफ्लॅट (हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे) चारही टायर बदलण्याचा खर्च लाखाच्या आसपास जातो. दुरुस्तीसाठी महिन्याला १५ हजार बाजूला ठेवणे ही चैन नाही, किमान गरज आहे. विम्याचे ४ हजार आणि १० लाखांच्या कर्जाचा साडेबारा टक्के दराने पाच वर्षांचा हप्ता साडेबावीस हजार मिळवला, तर गाडी महिन्याला ५५ हजारांना पडते. घरखर्च आणि पॉलिसीचा हप्ता (दरसाल ३ लाख, म्हणजे महिन्याला २५ हजार) गेल्यावर आपल्याकडे ६० हजार उरतात.

इथवरचा हिशेब तंग असला तरी कसाबसा बसतो. पण आपल्या पत्रातील शेवटून दुसरे वाक्य वाचून मी तो बाजूला ठेवला आणि पॉलिसीच्या कागदाचा फोटो मोठा करून पाहिला.

दोन वर्षांनी आपल्याला साडेचार लाख रुपये मिळणार नाहीत. ज्या पानावर आपली सही आहे, त्या लाभ-दर्शक तक्त्यात पहिला रकाना पॉलिसी वर्षाचा, दुसरा हप्त्याचा आणि तिसरा उत्पन्नाचा आहे. पहिल्या वर्षापासून दहाव्या वर्षापर्यंत दुसऱ्या रकान्यात ३ लाख आहेत. तिसऱ्या रकान्यात अकराव्या वर्षापर्यंत शून्य आहे. पहिले साडेचार लाख बाराव्या वर्षाच्या अखेरीस, म्हणजे आपल्या वयाच्या ६३ व्या वर्षी, दिसतात आणि पुढे १२ वर्षे येतात. आपण २०२३ पासून तीन हप्ते भरले आहेत. अजून सात बाकी आहेत. त्यांतील शेवटचे तीन, म्हणजे ९ लाख रुपये, आपल्याला निवृत्तीनंतर भरायचे आहेत. पगार बंद झालेला असताना ते कोठून येणार होते, हा प्रश्न पॉलिसी विकणाऱ्याने विचारायला हवा होता. त्याला आपले वय आणि निवृत्तीचे वर्ष, दोन्ही ठाऊक होते.

आपण लिहिता की मुदत ठेव संपल्यावर ती नूतनीकरण करण्यासाठी बँकेत गेला असताना तेथील अधिकाऱ्याने ‘ठेवीपेक्षा चांगले’ म्हणून ही योजना दिली आणि ‘पाच वर्षांनी दरसाल दीडपट’ असे सांगितले. असे कागद माझ्याकडे नियमाने येतात आणि प्रत्येक वेळी संताप होतो, कारण ठेव ठेवायला आलेला माणूस जोखीम नको म्हणूनच आलेला असतो आणि त्याच्या त्याच विश्वासाची विक्री होते. ‘३ लाख भरा, साडेचार लाख घ्या’ हे ऐकायला ५० टक्के वाटते. पैसे कधी जातात आणि कधी येतात हे मांडून पाहिले तर परतावा वर्षाला साडेचार ते पावणेपाच टक्के निघतो. तो करमुक्त आहे हे मान्य. पण भविष्य निर्वाह निधीवर गेल्या वर्षांत मिळालेले सव्वाआठ टक्के आणि पीपीएफचे ७.१ टक्केही करमुक्त आहेत.

तरीही रागाच्या भरात पॉलिसी मोडू नका. आपल्यापुढे तीन मार्ग आहेत आणि त्यांतील सर्वांत वाईट मार्ग सर्वांत आधी सुचतो. आज सरेंडर केली तर तीन हप्त्यांनंतरचे किमान हमी मूल्य ३५ टक्के, म्हणजे भरलेल्या ९ लाखांपैकी ३ लाख १५ हजार मिळतील. दुसरा मार्ग सर्व हप्ते भरत राहण्याचा. तिसरा मार्ग पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी पेड-अप करण्याचा. अशा पॉलिसींत बहुधा भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात लाभ कायम राहतो. दहापैकी तीन हप्ते भरले असल्याने साडेचार लाखांऐवजी १ लाख ३५ हजार, पण त्याच वर्षापासून आणि तितकीच १२ वर्षे. सरेंडरचे ३ लाख १५ हजार दुसरीकडे गुंतवून एवढीच मिळकत काढायची, तर दरसाल १२ टक्क्यांहून अधिक परतावा सातत्याने लागेल. म्हणून सरेंडर नको. उलट, उरलेले २१ लाख भरल्यामुळे जी जादा मिळकत होते, तिचा परतावा जेमतेम सव्वापाच टक्के बसतो. म्हणून पुढचे हप्तेही नकोत. गेलेले ९ लाख गेले ते गेले, त्यांच्यामागे आणखी २१ लाख पाठवण्याचे कारण नाही.

पेड-अपचे कलम आपल्या पॉलिसीत नेमके काय म्हणते, हे कंपनीकडून आकड्यांसह लेखी घ्या आणि मगच निर्णय करा. प्रमाणशीर लाभाऐवजी मोठी कपात असेल तर हिशेब बदलेल आणि सरेंडरच्या विशेष मूल्याशी (किमान हमीपेक्षा कंपनी जास्त देत असेल त्या रकमेशी) पुन्हा ताडून पाहावे लागेल. चौथा हप्ता पुढच्या महिन्यात आहे आणि वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलतीची मुदत असते, तेव्हा पत्रव्यवहाराला वेळ पुरेसा आहे. हप्ता बँक खात्यातून आपोआप वळता होत असेल तर ती सूचना आजच रद्द करावी, नाहीतर निर्णयाआधीच ३ लाख जातील.

पेड-अप केल्यावर विम्याचे संरक्षण ३० लाखांवरून ९ लाखांवर येईल. मुलीचे शिक्षण अजून चालू आहे, त्यामुळे त्याआधी ६० व्या वर्षापर्यंतचा ५० लाखांचा साधा मुदत विमा (टर्म इन्शुरन्स) घ्यावा. वैद्यकीय तपासणी होऊन तो विमा मंजूर झाल्याचे पत्र हाती येईपर्यंत पेड-अपचा अर्ज करू नये. आपल्या पत्रात आरोग्य विम्याचा उल्लेख नाही. कंपनीचाच असेल तर तो ५८ व्या वर्षी संपतो आणि त्या वयात नवा मिळणे अवघड जाते. तोही आताच घ्यावा.

फसवून विकल्याची तक्रारही अवश्य करावी. प्रथम विमा कंपनीकडे लेखी, तेथे दाद न मिळाल्यास विमा लोकपालाकडे. त्यांचे कार्यालय पुण्यातच आहे. पॉलिसी देताना जो पडताळणीचा फोन येतो, त्याचे ध्वनिमुद्रण मागावे. पण पूर्ण पैसे परत येतील असे गृहीत धरून कोणतीही योजना आखू नये. तक्त्यावर आपली सही आहे आणि पॉलिसी परत करण्याची फ्री लुकची मुदत केव्हाच उलटली आहे.

आता निवृत्तीकडे येऊ, कारण गाडीचा निर्णय तेथे ठरतो. चार वर्षांनी भविष्य निर्वाह निधी ६० ते ६५ लाखांच्या आसपास असेल. मुलीचे शिक्षण संपल्यावरही आपला घरखर्च वर्षाला ७ लाखांहून कमी होईल असे वाटत नाही, आणि तो दरवर्षी वाढेल. व्याज महागाईला पुरते एवढेच धरले, तर हे पैसे ९ वर्षे, म्हणजे ६७ व्या वर्षापर्यंत, पुरतात. पॉलिसीचे १ लाख ३५ हजार आणि निधीचे निवृत्तिवेतन त्यात थोडीच भर घालतील. महिन्याला उरणारे ६० हजार हीच आपली उरलेली संधी आहे. चार वर्षांत ते २९ लाख होतात, आणि पॉलिसीचे वाचलेले २५ हजार जोडले तर ४१ लाख. झेड४ घेतली तर यातील बहुतेक रक्कम रस्त्यावर खर्च होते आणि शेवटी कर्जाचे एक वर्ष निवृत्तीनंतरही शिल्लक राहते.

म्हणून वैयक्तिक कर्ज काढून ही गाडी घेऊ नका, असे माझे स्पष्ट मत आहे. ठेवीतील ६ लाखही काढू नका. मुलीच्या राहिलेल्या वर्षांची फी आणि आजारपण यांसाठी ती रक्कम लागते. वाचलेल्या पैशांतून प्रथम दोन्ही विम्यांचे हप्ते भागवा. मग आपल्या वाट्याची निधीतील एकूण वर्गणी वर्षाला अडीच लाख होईल इतकी ऐच्छिक वर्गणी सुरू करा, कारण त्यापुढच्या वर्गणीच्या व्याजावर कर लागतो. उरलेले पीपीएफ आणि कमी खर्चाचा निर्देशांक फंड (शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे गुंतवणूक करणारा म्युच्युअल फंड) यांत विभागा. फंडात पाच-सात वर्षे हात न लावण्याची तयारी असेल तितकेच ठेवा.

छत उघडून लोणावळ्यापर्यंत जाण्याची आपली हौस आपण पत्रात ज्या उत्साहाने लिहिली आहे, ती मला क्षुल्लक वाटत नाही. मुलगी नोकरीला लागल्यावर आणि वर सांगितलेली बचत सलग दोन वर्षे झाल्यावर, गाडीची किंमत व पहिल्या वर्षाचा खर्च मिळून ८ लाखांच्या आत रोख बसणारी एखादी लहान इंजिनाची कन्व्हर्टिबल शोधावी. तेव्हा नोंदणीची किमान पाच वर्षे शिल्लक असलेली गाडीच पाहावी आणि टाकी काठोकाठ भरून केलेल्या चाचणीची पावती स्वतःकडे ठेवावी.