रासेयो शिबिरात अन्नविज्ञान शिकवायचंय? बायका जे विकतात तिथून सुरुवात करा

तुम्ही विचारलंय, की अन्नतंत्रज्ञानाचे विद्यार्थी रासेयोच्या, म्हणजे कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या, सात दिवसांच्या शिबिरात बचत गटाला काय शिकवतील, आणि भेसळ ओळखण्याचे प्रयोग पुरतील का. मी बरीच वर्षं कार्यक्रम अधिकारी होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

भेसळीचे प्रयोग एका दुपारी उरका. दूध उकळून गार करायचं, टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाकायचे. निळं झालं तर त्यात स्टार्च आहे. पोरांना हे करून दाखवायला फार आवडतं, पण दारात स्वतःची म्हैस असलेल्या बाईला त्याचा काय उपयोग? गावातल्या दुकानाचा नमुना आणून चारचौघांत निकाल तर मुळीच सांगू नका. शंका आली तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते, एवढं सांगा.

खरा वेळ शेंगदाण्याला द्या. शिबिरं बहुधा हिवाळ्यात असतात, तेव्हा नवे दाणे घरात असतात, चटणी-लाडवांची कामं चालू असतात. पहिल्याच दिवशी काचेच्या दोन बरण्या भरा, एकीत कडकडीत वाळलेले दाणे, दुसरीत पाणी शिंपडलेले. झाकणं लावून उबेला ठेवा. शिबिर संपेपर्यंत ओल्या दाण्यांवर बहुतेक बुरशी धरते. ती बरणी न उघडता तशीच टाकून द्यायची. मग सांगा, की अॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते, ते यकृताला घातक असतं आणि दाणे भाजले तरी पुरतं जात नाही. म्हणून बुरसलेला दाणा कुटात ढकलायचा नाही, वेचून फेकायचा.

भाषण नको, आधी विचारा, ‘तुमची चटणी किती दिवसांनी खवट होते?’ तिथून हवा, उजेड, उष्णता आणि तेल यांचं नातं आपोआप निघतं, आणि हवाबंद लहान पाकिटं का करायची तेही पटतं. बाजरीच्या भाकरीबरोबर लिंबू किंवा आवळा खाल्ला तर लोह चांगलं शोषलं जातं, जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी. हे जेवताना सांगितलं तरी चालेल.

रासेयोच्या नियमित कामाचे वर्षाला 120 तास असतात. त्यातले काही राखून उन्हाळ्यात त्याच गावात परत जा, कारण लोणची तेव्हा घातली जातात. जाताना वजनकाटा न्या आणि मीठ मुठीने न घालता मोजून घालायला लावा, किलोभर फोडींना साधारण 150 ते 200 ग्रॅम.