पाच हात दिसले म्हणजे तारामासाच का?

प्रश्न: एका प्रदर्शनात दोन जीवाश्म बघितले, दोन्हींना पाच हात, पण एकाखाली तारामासा लिहिलेलं आणि दुसऱ्याखाली ब्रिटल स्टार (तारामाशाचाच एक नातेवाईक). मला तर दोन्ही सारखेच वाटले. इतक्या जुन्या दगडातल्या प्राण्याचं कूळ ठरवतात तरी कसं?

उत्तर: हात मोजायचे नाहीत, हात उलटा करून खालची बाजू बघायची. तारामाशाच्या हाताखाली मधोमध एक उघडी खाच असते, त्यात नलिकापाद म्हणजे नळीसारखे मऊ छोटे पाय, आणि खाचेवर घराच्या छपरासारख्या चुन्याच्या पट्ट्यांच्या जोड्या. ब्रिटल स्टारमध्ये त्याच जोड्या एकमेकींना चिकटून मणक्यासारख्या झाल्यात, म्हणून त्याचा हात सापासारखा वळतो. आता अडचण अशी की खूप जुन्या ब्रिटल स्टारमध्ये या जोड्या अजून जुळलेल्याच नसतात, त्यात प्राणी मेला की पट्ट्या थोड्या दिवसांत सुट्या होऊन विखुरतात, त्यामुळे गाळाखाली पटकन गाडला गेलेला अख्खा नमुना मिळणं म्हणजे खरंच नशीब लागतं.

तिसरं एक कूळ आहे, सोमास्टेरॉइड, फार पूर्वीच नामशेष झालेलं, ते तर मला फार आवडतं! त्यांचे हात पाकळीसारखे रुंद आणि मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना बारीक काड्या जातात, पानाच्या शिरा असतात ना तशा. मोरोक्कोतल्या फेझुआटाच्या खडकात असाच एक सापडला, सुमारे 48 कोटी वर्षं जुना, 2021 मध्ये हंटर आणि ऑर्टेगा-हर्नांडेझ या संशोधकांनी त्याचं नाव कँटाब्रिजिअॅस्टर ठेवलं. त्याला ती खाचच नाही, आणि अंगाची ठेवण काही बाबतीत क्रिनॉइडसारखी, म्हणजे देठावर उभ्या राहणाऱ्या सी लिलीच्या कुळाशी जुळणारी, त्यामुळे तारामाशांचं मूळ तिकडे असावं असं त्यांचं म्हणणं आहे आणि मला ते पटतं.

पण नुसत्या पाकळीसारख्या आकारावर गेलं की फसायला होतं. मेक्सिकोजवळच्या पॅसिफिकमध्ये प्लॅटॅस्टेरिअस नावाचा रुंद हातांचा जिवंत तारामासा आहे, 1962 मध्ये फेल नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने तो जिवंत सोमास्टेरॉइडच आहे असं जाहीर केलं, केवढी मोठी बातमी! पुढे 1970च्या दशकात ब्लेक या संशोधकांनी त्याच्या एकेक पट्टीचा आकार तपासला तर तो निघाला लुइडिया, आजही वाळूत राहणाऱ्या साध्या तारामाशांचा भाऊबंद. तेव्हा पुन्हा प्रदर्शनात गेलात तर खालची बाजू वर करून ठेवलेला नमुना शोधा आणि हाताच्या मधोमध खाच दिसते का ते बघा.