ओटीजीमध्ये पोर्तुगीज एग टार्ट केले, तळ कच्चा राहिला आणि वर काळे डागही आले नाहीत. काय चुकलं?

हा टार्ट म्हणजे पदर सुटलेल्या पारीच्या छोट्या वाटीत अंड्याचं कस्टर्ड, वर भाजल्याचे काळे डाग; आणि ओटीजी म्हणजे आपली घरातली विजेची छोटी भट्टी. तुम्ही लिहिलंय की आयती पफ पेस्ट्री आणली, आत कस्टर्ड पावडरचं सारण भरलं आणि २०० अंशांवर अर्धा तास भाजलं. वरून पिवळेधमक, खालून पिठूळ. शिवाय पारी घरी करणं झेपेल का, असंही विचारलंय.

आधी मला सांगा, तुम्हाला चिरोटे येतात का? किंवा साट्याच्या करंज्या? येत असतील तर पारीची काळजी सोडा, कारण ती तुम्हाला निम्म्याहून जास्त येतेच आहे. मला हे कळायला तीन घाणे वाया घालवावे लागले.

लिस्बनला आठ दिवस राहायचा योग आला होता. १५ नंबरच्या ट्रामने बेलें या तिथल्या भागात गेलो, जेरोनिमोस मठाजवळच्या त्या प्रसिद्ध दुकानापुढे रांग लावली आणि गरम टार्ट हातात पडला. सोबत पिठीसाखर आणि दालचिनीच्या पुड्या. पहिला घास संपेपर्यंत माझं सगळं लक्ष कस्टर्डकडे होतं. दुसरा टार्ट उलटा करून बघितला तर तळाला गोल गोल वळसे! आमच्या आजीच्या चिरोट्यावर असायचे तसेच. तिथेच उभ्या उभ्या ठरवलं की हे घरी करायचं.

तर पारी. १५० ग्रॅम मैदा आणि ८५ ते ९० मिली पाणी घेऊन पुरीच्या कणकेपेक्षा बरीच सैल कणीक भिजवा. आपल्याकडचं नेहमीचं बटर खारट असतं, म्हणून वेगळं मीठ नको. २० मिनिटं झाकून ठेवा. १२० ग्रॅम बटर श्रीखंडाइतकं मऊ करून घ्या. वितळलेलं चालणार नाही. पिठी लावून चौकोनी पोळी लाटा, तिच्या दोन तृतीयांश भागावर एक तृतीयांश बटर साट्यासारखं पसरा, कोरा भाग त्यावर दुमडा, मग उरलेला. वळवून पुन्हा लाटा, पुन्हा बटर, पुन्हा घडी. तिसऱ्यांदा लाटून उरलेलं बटर सगळ्या पोळीवर लावा आणि घट्ट वळकटी करा, साधारण ४ सेंटिमीटर जाड आणि २४ लांब. फ्रिजमध्ये किमान दोन तास, रात्रभर ठेवलीत तर उत्तम.

चिरोट्याशी फरक एवढाच की तिथे साट्यात तूप आणि तांदळाचं पीठ असतं. तुपात पाणी नसतं, त्यामुळे ते पदर एकमेकांना चिकटू देत नाही, बाकीचं काम तळणीचं. बटरमध्ये १५-१६ टक्के पाणी असतं. भट्टीच्या उष्णतेत त्याची वाफ होते आणि ती वाफ पदर वर उचलते. म्हणून इथे बटरच्या जागी तूप घालू नका. मी पहिल्यांदा हाच शहाणपणा केला होता. चवीला छान, पण नानकटाईसारखं खुसखुशीत झालं, पदर नाहीत.

आता तळ. वळकटीचे २-२ सेंटिमीटरचे बारा तुकडे करा, प्रत्येक साधारण ३० ग्रॅमचा. तुकडा साच्यात वळसे वर दिसतील असा ठेवा, पाच मिनिटं थांबा, मग अंगठा पाण्यात बुडवून मधोमध दाबा आणि पीठ तळातून कडांकडे सरकवत न्या. तळ पातळ हवा, कड जाड. बहुतेकांचा तळ कच्चा राहतो तो इथेच, कारण मधला भाग दाबायला हात धजत नाही आणि तिथे जाड गोळा बसून राहतो. आयत्या पेस्ट्रीच्या चकत्या कापून साच्यात बसवल्या तर हीच अडचण अजून वाढते: थर आडवे राहतात, फुगायला लागले की वरचं कस्टर्ड त्यांना दाबून धरतं, तळ ओला राहतो. आयतीच वापरायची असेल तर तिचीही वळकटी करून कापा, खूप फरक पडतो.

साचे पातळ ॲल्युमिनियमचे घ्या, वरून ७ सेंटिमीटर रुंदीचे. सिलिकॉनचे साचे या कामाला अजिबात नकोत, त्यातून खालची उष्णता पोचतच नाही. दाबून झालेले साचे पुन्हा अर्धा तास फ्रिजमध्ये.

कस्टर्ड पावडरबद्दल स्पष्टच सांगते: चालेल, पण ते फ्रूट सॅलडचं कस्टर्ड वाटीत भरल्यासारखं लागेल. कस्टर्ड पावडर म्हणजे मुळात रंग आणि वास घातलेला कॉर्नफ्लोर. आल्फ्रेड बर्ड या बर्मिंगहॅमच्या गृहस्थांनी ती काढली ती बायकोला अंडी चालत नव्हती म्हणून, १८३७ साली. गंमत म्हणजे बेलेंचं ते दुकानही १८३७ सालचंच, आणि तिथला सगळा खेळ अंड्यांचा. मठांतून अंड्याच्या पांढऱ्याने कपड्यांना खळ करायचे आणि उरलेले बलक गोडात जायचे, असं सांगतात. १८३४ मध्ये पोर्तुगालमधले मठ बंद झाले आणि ही पाककृती शेजारच्या साखर कारखान्याजवळच्या दुकानात पोचली. ती आजही गुप्त आहे. ‘बेलेंचे’ हे नाव फक्त त्या दुकानाचं, बाकी सगळीकडे पास्तेल द नाता. नाता म्हणजे साय, पण माझ्या कृतीत सायही नाही आणि क्रीमही नाही.

कस्टर्डसाठी २५० मिली दूध, २५ ग्रॅम मैदा, १८० ग्रॅम साखर, १०० मिली पाणी, ५ बलक, दालचिनीचा बोटभर तुकडा आणि लिंबाच्या सालीच्या दोन पट्ट्या. आपलं कागदी लिंबू असेल तर साल अगदी वरवर काढा, पांढरा भाग आला की कडू होतं. थोड्या गार दुधात मैदा गुठळ्या न ठेवता कालवा. उरलेलं दूध दालचिनी आणि साल घालून तापवा, त्यात हे मिश्रण ओतून दाट होईपर्यंत ढवळा. दुसऱ्या भांड्यात साखरेचा एकतारी पाक करा. परदेशी कृतींत थर्मामीटर लावून १०५ अंश बघायला सांगतात. आपण दोन बोटांत बघायचं. पाक बारीक धारेने दुधात घाला, कोमट झालं की बलक मिसळा आणि गाळून घ्या. मैद्यामुळे बलक सहजासहजी फाटत नाहीत, तो आहे म्हणूनच हे कस्टर्ड एवढी आच सोसतं. मिश्रण पातळ बासुंदीसारखं दिसेल. घाबरून अजून मैदा घालू नका, भट्टीत ते धरतं. साचे पाऊण भरा. कस्टर्ड गरम असताना मात्र ओतू नका, पारीतलं बटर तिथल्या तिथे वितळतं.

आता मुख्य चूक. २०० अंश आणि अर्धा तास, हे केकचं गणित झालं. लिस्बनच्या बेकऱ्यांतल्या भट्ट्या ३०० च्या बऱ्याच वर, काही ठिकाणी ४०० पर्यंत तापलेल्या असतात. टार्ट काही मिनिटांत बाहेर येतो: पारी कडक, वरची साखर जळून काळे डाग, आत मात्र कस्टर्ड लडबडीत. कमी आचेवर बराच वेळ ठेवलं की उलटं होतं, कस्टर्ड शिजून रवाळ होतं आणि पारी अजून वाफाळतच असते. त्यामुळे ओटीजीचा आकडा जेवढा जातो तेवढा, २३० किंवा २५०, दोन्ही रॉड चालू, आणि निदान २५ मिनिटं आधीपासून तापत ठेवा. लाल दिवा विझला म्हणजे आतली भिंत तापली असं नाही.

माझ्या घरी खरा फरक पडला तो तव्याने. जुना, मुठीशिवायचा लोखंडी तवा खालच्या जाळीवर ठेवून ओटीजीबरोबरच तापवते आणि साचे थेट त्यावर मांडते. चार-पाचच मावतात, म्हणून दोन-तीन घाणे काढावे लागतात. पण तळाला तत्क्षणी चटका बसतो. १२-१३ मिनिटांनी वरच्या जाळीवर हलवायचे, तीन-चार मिनिटं रॉडखाली, आणि तिथून हलायचं नाही. डाग दोन मिनिटांत येतात आणि पुढच्या दोन मिनिटांत कोळसा होतो. कस्टर्ड फुग्यासारखं वर येईल, बाहेर काढल्यावर खाली बसेल. तसंच असतं.

एक शंका मला आहे. तुम्ही बाहेर खाल्लेला टार्ट गुळगुळीत, चकचकीत पिवळा असेल तर तो हाँगकाँग पद्धतीचा. त्याला डाग नसतातच आणि तो मंद आचेवरच होतो. मकावचा मात्र डागवाला. तिथे तो अँड्र्यू स्टो नावाच्या इंग्रज माणसाने १९८९ मध्ये कोलोआनच्या बेकरीत सुरू केला. आधी ठरवा तुम्हाला कुठला हवाय.

आणि कृपा करून एप्रिल-मे मध्ये पहिला प्रयत्न करू नका. मी पुण्यात भर उन्हाळ्यात दुपारी लाटायला घेतलं आणि बटर ओट्यावरून फरशीवर गेलं. डिसेंबर-जानेवारीची सकाळ उत्तम. उन्हाळ्यात करायचंच असेल तर ओट्यावर बर्फाची परात ठेवून आधी तो गार करा, लाटणं फ्रीजरमध्ये ठेवा आणि दर घडीनंतर २० मिनिटं विश्रांती द्या.

त्याच दिवशी खा. उरले तर दुसऱ्या दिवशी ओटीजीतच पाच मिनिटं, मायक्रोवेव्हमध्ये पारी चामड्यासारखी होते. आणि पाच अंड्यांचं पांढरं उरेल. गोव्यात बेबिंक (थरांचा गोड पदार्थ) करणाऱ्या घरांना हा प्रश्न नवा नाही, तिथे तर याहून जास्त बलक लागतात. माझ्या सुती साड्यांना साबुदाण्याची खळ पुरते, तेव्हा मी पांढऱ्याची भुर्जी करते. फिकट दिसते, हळद जरा जास्त घाला.