उन्हाळी कोर्सला ये, पण राहायचं म्हणून नको

सानिका,

तुझा मेसेज सावकाश वाचला. नंदगडची तू, धारवाडला चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला, आणि इटलीतल्या विद्यापीठाचा जुलै-ऑगस्टमधला कला-संस्कृतीचा कोर्स मनात धरून बसलीयस. विचारलंयस एवढंच: कोर्स घ्यावा का, पैसे कसे उभे करावेत, आणि एकदा पोचल्यावर तिथंच राहून पुढचं शिक्षण, नोकरी जमेल का. मी खानापूरची, आता इटलीतल्या पेरुजात राहते, म्हणून तुझ्या मावशीनं तुला माझा नंबर दिला. शेवटचा प्रश्न आधी घेते, बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

नाही जमत. आठ आठवड्यांच्या कोर्सला शेंगेनचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपातल्या देशांचा, अल्पमुदतीचा, 'सी' प्रकारचा व्हिसा मिळतो. कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहायचं, कामधंदा करायचा नाही, मुदतीच्या आत बाहेर पडायचं. त्याच व्हिसावर थांबून कॉलेजात नाव घालता येत नाही. पूर्ण वेळ शिकायला यायचं तर युनिव्हर्सिटाली या इटलीच्या सरकारी पोर्टलवर पूर्वनोंदणी, मग लांब मुदतीचा 'डी' व्हिसा, आणि इथं उतरल्यावर आठ कामाच्या दिवसांच्या आत राहण्याच्या परवान्याचा अर्ज. हा रस्ता भारतातूनच सुरू होतो, अधेमधे शिरायला फाटा नाही. एजंट तुला "आधी पोचा, मग बघू" म्हणतील. त्या 'मग बघू'चा शिक्का बसतो तुझ्या पासपोर्टवर, त्यांचं काही जात नाही.

मी स्वतः आधी असाच उन्हाळी कोर्स करून गुपचूप गावी परत गेले आणि नंतर मास्टर्ससाठी रीतसर आले. त्या कोर्समुळं व्हिसाला काही फायदा झाला नाही. फायदा झाला तो वेगळाच: आपल्याला नक्की काय शिकायचंय ते कळलं. तुझ्याकडनंही माझी एवढीच अपेक्षा आहे.

आता कोर्स कुठला. 'कला आणि संस्कृती' या नावाखाली काहीही विकलं जातंय. सकाळी दोन तास भाषा, दुपारी स्लाइड शो, शनिवारी बसनं फ्लॉरेन्स, आणि शेवटी हजेरीचं सर्टिफिकेट. ज्याला फिरायचंय त्याला ते ठीक आहे. तू हातानं काम करणारी मुलगी आहेस, तुला ते पुरणार नाही. विद्यापीठाला मेल टाकून सरळ विचार: वर्गाबाहेर, म्हणजे चर्चमध्ये, संग्रहालयात, कारागिराच्या शेडमध्ये किती तास? शिकवणारं कोण? परीक्षा आहे का, क्रेडिट मिळतात का? इटलीत एक क्रेडिट म्हणजे अभ्यास धरून २५ तासांचं काम, त्यामुळं क्रेडिटचा आकडा बघितला की कोर्समध्ये दम किती आहे ते कळतं. ते क्रेडिट धारवाडला धरणार का, हे तुझ्या कॉलेजात आधीच विचारून घे. उत्तर गोलमाल आलं तर नाही असंच समज.

गावाचं म्हणशील तर फ्लॉरेन्सचा हट्ट सोड. उन्हाळ्यात तिथं पाय ठेवायला जागा नसते, खोल्या महाग, आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिड बघायचा म्हणजे लोकांच्या हातातल्या मोबाईलवरनं बघायचा. पेरुजाला परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेगळं सरकारी विद्यापीठच आहे, परदेशी लोकांना इथली भाषा नि संस्कृती शिकवायचं काम इथं १९२१ पासून चाललंय. माझं गाव म्हणून कौतुक करते असं समज हवं तर. पण एक जागा सांगते, मग तूच ठरव. गावाच्या अगदी वरच्या टोकाला सान सेवेरो नावाचं छोटं चॅपल आहे. भिंतीच्या वरच्या भागात राफाएलनं तरुणपणी, १५०५ च्या सुमाराला काढलेलं भित्तिचित्र. खालचा भाग रिकामाच राहिला. १५२० मध्ये राफाएल वारला, आणि पुढच्या वर्षी ती रिकामी जागा पेरुजीनोनं भरली. पेरुजीनो म्हणजे ज्याच्या हाताखाली राफाएल घडला असं मानतात तो म्हातारा. एकाच भिंतीवर वर शिष्य आणि खाली गुरू. वरची माणसं जागेत बसलेली वाटतात, खालची ओळीनं उभी केलेली. पुस्तकात हा फरक पानभर लिहून सांगतात. तिथं बाकावर बसून निवांत बघता येतो, बहुतेक वेळा आत दुसरं कोण नसतंच.

तिथनं रेल्वेनं थोडक्यावर असिसी. संत फ्रान्सिसच्या बॅसिलिकाच्या वरच्या मजल्यावर त्याच्या आयुष्यातले २८ प्रसंग भिंतीवर आहेत. जोत्तो या जुन्या चित्रकाराचे म्हणून ओळखले जातात, खरंच त्याचेच का यावर पंडित अजून भांडतायत. तू ते भांडण सोड आणि गिलाव्याचे सांधे शोध. ओल्या चुन्यावर रंग लावायचा तर दिवसभरात संपेल तेवढाच गिलावा करायचा, दुसऱ्या दिवशी त्याला लागून पुढचा. बाजूनं उजेड पडला की ती जोडाची रेघ दिसते. चेहऱ्याला अख्खा दिवस, निळ्या आकाशाला मोठमोठे तुकडे. चितारी कुठं थांबला, कुठं त्यानं घाई केली, सगळं भिंतीवरच आहे. २६ सप्टेंबर १९९७ च्या भूकंपात या छताचा भाग कोसळला, चार माणसं गेली, आणि चित्राचे तुकडे ढिगाऱ्यातनं वेचून, चाळून, जुळवून परत वर चढवले. १९९९ च्या अखेरीला चर्च पुन्हा उघडलं. छताकडं बघितलंस तर काही जागा कोऱ्या दिसतील. जे सापडलं नाही ते नव्यानं रंगवून खोटं पूर्ण केलेलं नाही. आपल्याकडं देवळांच्या जीर्णोद्धारात ऑइल पेंटचे डबे कसे ओततात ते आठवून मला तिथं लाज वाटते, तुलाही वाटेल.

आणि देरूता. हे मी तुला मुद्दाम सांगतेय, कारण तू खानापूर तालुक्याची, मातीतली. पेरुजाच्या दक्षिणेला जवळच हे कुंभारांचं गाव, मायोलिका नावाच्या रंगीत भांड्यांसाठी शेकडो वर्षं प्रसिद्ध. एकदा भाजलेलं भांडं कथील घातलेल्या पांढऱ्या लुकणात, म्हणजे ग्लेझमध्ये, बुडवतात. ते वाळलं की वर पिठासारखा थर बसतो, बोट लावलं तर उठतो. त्यावर कुंचल्यानं रंगवायचं: निळा कोबाल्टचा, हिरवा तांब्याचा, जांभळट मँगनीजचा. थर रंग असा ओढून घेतो की कुंचला क्षणभर रेंगाळला तर तिथं डाग. पुसता येत नाही, खोडता येत नाही. नक्षी उतरवायला टोचलेला कागद ठेवून वरनं कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटतात. बेळगावात शहापूरच्या दुकानात ब्लाउजपीसवर भरतकामाचा छाप मारून देतात ना, अगदी तसं. नंतर पुन्हा भट्टी. ज्या कोर्समध्ये देरूताला नुसती दुकानं दाखवून आणतात तो घेऊ नको. कारागिराच्या शेडमध्ये बसवून एक तरी फरशी रंगवून घेतात, तो घे.

यायच्या आधी मात्र घरचं बघून घे. ही अट समज. नंदगडहून हलशी किती लांब आहे? तरी तू भूवराह नरसिंहाचं देऊळ वहीत उतरवलेलं नसणार, पैज लावते. समोरासमोर दोन गाभारे आहेत त्याचा नकाशा काढ. बेळगावच्या किल्ल्यात जाऊन कमल बस्ती हे जैन मंदिर बघ. १२०४ सालची, रट्ट राजांच्या काळातली, छताला उलटं टांगलेलं दगडी कमळ. मान मोडेस्तोवर बघ आणि काढ. खानापूरला खादी ग्रामोद्योगचं कुंभारकाम शिकवणारं केंद्र आहे, तिथं जाऊन चाकावर बस. इथं वर्गात पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाला आपल्या भागाबद्दल बोलायला लावतात, आणि आपली पोरं उठून ताजमहाल सांगतात. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि नाव कुणाचंच घेतलं नाही, त्यावर गदारोळ झाला तो तू ऐकला असशील. त्या चपलेचं २०१९ चं जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचं, मानांकन महाराष्ट्राचे चार जिल्हे आणि कर्नाटकाचे चार जिल्हे मिळून आहे, त्यात आपला बेळगाव आहे. अथणी-निपाणीकडचे कारागीर ती चप्पल कशी शिवतात हे बघून आलीस आणि दहा मिनिटं बोललीस, तर अख्खा वर्ग ऐकेल.

आता कागदपत्रं. आपल्या सीमाभागातल्या पोरांचं घोडं अडतं ते इथंच. तुझ्या फाईलमध्ये जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, प्राथमिक शाळेचा दाखला मराठीत, मार्क्स कार्ड कन्नड-इंग्रजीत. नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हेनं: शाळेत आडनाव आधी, आधारवर आडनाव शेवटी, कुठं बापाचं नाव नुसतं आद्याक्षर. पासपोर्टवर जे आहे तेच विद्यापीठाच्या पत्रावर, विम्यावर आणि तिकिटावर यायला पाहिजे, अक्षरासकट. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर आत्ताच दुरुस्त करून घे. गावाचं स्पेलिंगही एकच ठेव. २०१४ पासून सरकारदरबारी बेळगावी आहे, पासपोर्टवर तसं आलं असेल तर फॉर्मवरही तसंच लिही. तो वाद घरी हवा तेवढा घाल, फॉर्मवर नको.

पत्ता कर्नाटकचा, म्हणून व्हिसाचा अर्ज बंगळूरला. पुणं-मुंबई आपल्याला जवळची वाटतात, मामाही तिकडंच असतो, पण त्याचा उपयोग नाही. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जायला लागतंय, रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं जा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी पोचायला पाहिजे. तू मात्र एप्रिलमध्येच कर, उन्हाळ्यात तारखा मिळत नाहीत. फी ९० युरो, वर व्हिसा केंद्राचे चार्जेस वेगळे. प्रवासी विमा किमान ३०,००० युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी उरलेली आणि दोन पानं कोरी.

उत्पन्नाचं जरा नीट ऐक. तुझ्या आप्पांची शेती ऊसाची. शेतीच्या उत्पन्नाला इन्कम टॅक्स नाही, म्हणून रिटर्न एकतर नाही नाहीतर शून्याचं. व्हिसाच्या खिडकीपलीकडच्या माणसाला हे आपोआप कळत नाही, त्याला कागदावर दाखवायला लागतं. उतारा, त्याचं इंग्रजी भाषांतर, कारखान्याची ऊसबिलं, आणि तीच रक्कम जमा झालेली दिसणारं बँक स्टेटमेंट, एकामागं एक लाव. वर आप्पांचं एक पानी पत्र, मुलीचा खर्च मी करतोय म्हणून, आणि सीएचं उत्पन्नाचं सर्टिफिकेट. ऊसबिल एकदम मोठं येतं, म्हणून बिलाची प्रत जोडल्याशिवाय तसंच स्टेटमेंट देऊ नको. काकाकडनं उसने आणून अर्जाच्या आठवड्यात खात्यात भरलेले पैसे तर लगेच डोळ्यांवर येतात.

खर्चाबद्दल: विमान, फी, खोली, खाणं, विमा सगळं धरून आकडा काढ आणि त्यावर थोडे जास्तीचे धर. सोनं गहाण ठेवून येण्यासारखा हा कोर्स नाही, हे आईला माझं नाव घालून सांग. पैसे यंदा जुळत नसतील तर पुढच्या वर्षी ये, असिसी कुठं पळून जात नाही. उलट पदवी संपवून थेट मास्टर्सचा विचार केलास तर सरकारी विद्यापीठात फी घरच्या उत्पन्नावर ठरते, आणि उंब्रियात, म्हणजे पेरुजा ज्या प्रांतात येतं तिथं, आदिसू नावाची सरकारी संस्था गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती, हॉस्टेल देते, परदेशी विद्यार्थ्यांनाही. तेव्हा हेच उतारे अपॉस्टिल करून, म्हणजे परदेशात चालावेत म्हणून सरकारी शिक्का मारून घेऊन, इटालियन भाषांतरासकट लागतील. विद्यार्थ्याच्या परवान्यावर आठवड्याला २० तास कामही करता येतं. नोकरीचं, राहायचं जे काय स्वप्न आहे ते त्या रस्त्यावर ठेव.

बारीकसारीक: संग्रहालयात १८ ते २५ वयाला २ युरोचं तिकीट असतं ते युरोपियन युनियनवाल्यांना, आपल्याला पूर्ण दर. पण महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं सगळ्यांना फुकट, तो दिवस झोपून घालवू नको. १५ ऑगस्टला इथंही सुट्टी, त्या आठवड्यात अर्धी दुकानं बंद, किराणा आधी भरून ठेव. पेरुजाची पाव-भाकरी अळणी असते, १५४० मध्ये पोपनं मिठावर कर वाढवला त्याच्या रागात लोकांनी मीठ सोडलं असं गाववाले रंगवून सांगतात. कर आणि त्यावरनं झालेली लढाई खरी, पावाची गोष्ट आपली ऐकायची. लसणाची चटणी आण. भाषेला घाबरू नको, कन्नड-मराठी एका वाक्यात बोलत वाढलेली पोरं इटालियन पटकन उचलतात हे मी इथं बघतेय. तरी येण्याआधी आकडे, वेळ, तिकीट मागणं एवढं घोकून ये.

पासपोर्टवरचं नाव आज संध्याकाळीच बघ आणि पहिल्या पानाचा फोटो मला पाठव. विद्यापीठाचं पत्र आलं की फी भरायच्या आधी तेही पाठव, वाचून सांगते.

– अक्का